मिन्स पाय: मांस गेलं, नाव राहिलं



डिसेंबर लागला की आता जालन्यातल्या बेकऱ्यांच्या काचेतही लाल-हिरव्या फिती दिसतात. प्लम केक आपल्या ओळखीचा झालाय, मुलं शाळेतून त्याचं नाव ऐकून येतात. या वर्षी मात्र तुमच्यापैकी काही जणींनी वेगळ्याच पदार्थाबद्दल विचारलं, मिन्स पाय. परदेशातल्या लेकी-सुना फोटो पाठवतात. वाटीच्या आकाराची खुसखुशीत पारी, आत मनुका-सफरचंदाचं गोड सारण आणि वर पिठाची चांदणी. दिसायला करंजीची चुलत बहीणच म्हणा ना. पण लगेच शंका येते, "मिन्स म्हणजे खिमा ना? मग आपल्या घरात हे कसं चालेल?"

शंका रास्त आहे. नुसतं "आता त्यात मांस नसतं, खा बिनधास्त" एवढ्याने तिचं समाधान होत नाही. कोणताही पदार्थ आपल्या ओट्यावर येण्याआधी कुठून आला, त्याच्या पोटात काय होतं आणि काय आहे, हे आपण विचारतोच. म्हणून आज कृतीच्या आधी थोडा इतिहास सांगते. कृती शेवटी आहेच, आणि ती सोपी आहे.

जालन्यात नाताळ कुठून आला?

आपल्या जिल्ह्याची इंग्रजांशी गाठ पडली ती रणांगणावर. केळणा आणि जुई या नद्यांच्या मधे असईला २३ सप्टेंबर १८०३ रोजी आर्थर वेलस्लीच्या फौजेची शिंदे-भोसल्यांच्या फौजेशी लढाई झाली. हाच वेलस्ली पुढे ड्यूक ऑफ वेलिंग्टन झाला आणि त्याने नेपोलियनला हरवलं. त्यानंतर कुंडलिकेकाठचं आपलं जालना फौजेची छावणी म्हणून ओळखलं जाऊ लागलं. मुलूख निजामाचा, पण छावणीतले अंमलदार इंग्रज. त्यांच्याबरोबर बंगले आले, चर्च आलं आणि २५ डिसेंबरचा सणही आला.

दुसरी वाट मिशनची. नारायण शेषाद्री हे मराठी ब्राह्मण घराण्यातले, १८४३ साली मुंबईत ख्रिस्ती झाले आणि पुढे स्कॉटिश मिशनचं काम करायला जालन्याला आले. हैदराबादचे दिवाण सर सालारजंग यांच्याकडून मिळालेल्या जमिनीवर त्यांनी जालन्याजवळ बेथेल हे गाव वसवलं. गावकुसाबाहेर ठेवलेल्या अनेक कुटुंबांना तिथे घर आणि शेती मिळाली. १८७३ साली न्यूयॉर्कला जगभरच्या ख्रिस्ती पुढाऱ्यांची परिषद भरली, तिथे आपल्या जालन्याचे हे शेषाद्री डोक्याला पागोटं बांधून गेले होते.

गंमत अशी की मराठी ख्रिस्ती घरांनी सण घेतला, पण त्याचं ताट आपलंच ठेवलं. त्यांच्याकडे नाताळचा फराळ म्हणजे करंजी, शंकरपाळी, चकली. गोव्यात आणि मुंबईच्या ईस्ट इंडियन घरांतही नाताळच्या ताटात नेवरी असतेच, आणि नेवरी म्हणजे करंजीच. माझ्या माहेरच्या आळीत एक ख्रिस्ती शिक्षिका राहत. त्या दरवर्षी आमच्याकडे करंज्यांचा डबा पाठवत आणि बरोबर निरोप असे, "तुपातल्या आहेत, अंडं कशालाच लागलेलं नाही." सण कुणाचा आणि पदार्थ कुणाचा, याची वाटणी वाटते तितकी सरळ नसते, हे मला त्या डब्याने लहानपणीच शिकवलं. मिन्स पायाचंही तसंच आहे.

खिम्यापासून मनुकांपर्यंत

आता मूळ गोष्टीकडे येऊ. मिन्स पायात पूर्वी मांस होतं, अगदी खरंखुरं. जर्व्हेस मार्कहॅम नावाच्या लेखकाने १६१५ साली इंग्लंडमधल्या गृहिणींसाठी पुस्तक लिहिलं. त्यातल्या कृतीत मेंढीच्या मांडीचं मांस बारीक करून त्यात जनावराची चरबी, मिरी, मीठ, लवंग, जायपत्री, मनुका, खजूर आणि संत्र्याची साल घालायला सांगितलं आहे.

मांसात मनुका ऐकून आपल्याला विचित्र वाटतं, पण त्यामागे कारण होतं. थंड देशात हिवाळ्यात गवत उगवत नाही. साठवलेला चारा सगळ्या जनावरांना पुरत नसे, म्हणून थंडीच्या तोंडावर बरीच जनावरं मारली जात आणि ते मांस टिकवून वापरलं जाई. मसाला आणि सुका मेवा दूर देशातून येई, महाग असे, म्हणून तो सणाच्याच पदार्थात पडे. आपल्या मराठवाड्यातही कडबा संपतो, दुष्काळ तर आपल्याला नवा नाही. पण इथे कडबा संपला की चारा छावणी उभी राहते, गोशाळेसाठी झोळी फिरते. गुरू गणेश तपोधामची गोशाळा जालन्यातल्या प्रत्येक जैन घराला माहीत आहे. चारा संपल्यावर माणूस काय करतो, यावरून त्याच्या सणाचं ताट ठरतं असं मला वाटतं.

लंडनचा सॅम्युएल पेपिस रोजनिशी लिहायचा. ६ जानेवारी १६६२ च्या नोंदीत त्याने एका मेजवानीचं वर्णन केलं आहे. यजमानांच्या लग्नाला अठरा वर्षं झाली होती म्हणून ताटात अठरा मिन्स पाय मांडले होते. त्याच्या थोडंच आधी, १६४४ साली, नाताळ नेमका पार्लमेंटने ठरवलेल्या उपवासाच्या दिवशी आला होता, आणि तेव्हाच्या कडव्या धर्मसुधारकांनी लोकांना मेजवानी न करता उपवास करायला सांगितलं होतं. पुढे १६४७ साली नाताळचा सणच बंद केला गेला. राजा परत आल्यावर सणही परतला. पर्वाच्या दिवशी जेवावं की लंघन करावं, हा वाद आपल्याकडच्या पर्युषणात होत नाही, पण त्यांच्याकडे त्यावरून भांडणं झाली.

मग शंभरेक वर्षांत मजेदार बदल दिसतो. हॅना ग्लास या बाईंनी १७४७ साली स्वयंपाकाचं पुस्तक छापलं, ते खूप गाजलं. त्यांच्या मिन्स पायात चरबी आहे, मनुका आहेत, पन्नास सफरचंदं आहेत, साखर, जायफळ, लवंग आणि दारू आहे. मांसाचा उल्लेख थेट शेवटी येतो, तोही "हवं असेल तर घाला" अशा सुरात. म्हणजे जे मुख्य होतं ते ऐच्छिक झालं. १८६१ च्या मिसेस बीटन यांच्या पुस्तकात दोन कृती शेजारी-शेजारी आहेत, एकीत गोमांस आहे आणि दुसरीत अजिबात नाही. बिनमांसाच्या कृतीला त्यांनी नाव दिलं आहे "उत्कृष्ट मिन्समीट". आज इंग्लंडच्या दुकानात जो मिन्स पाय मिळतो त्यात मांस नसतं. नाव मात्र तेच राहिलं.

मांस दयेने गेलं नाही

इथे मला खूप आवडलं असतं लिहायला, की करुणा जागी झाली आणि इंग्लंडच्या बायकांनी मांस काढून टाकलं. तसं झालेलं नाही. मांस मागे पडलं कारण साखर स्वस्त झाली आणि लोकांची जीभ गोडाकडे वळली. साखर स्वस्त झाली कारण वेस्ट इंडीजच्या बेटांवर आफ्रिकेतून पकडून आणलेल्या माणसांना गुलाम करून ऊस लावला जात होता. पदार्थातून मेंढी बाहेर पडली आणि त्याच दाराने माणसाचं रक्त आत आलं. आपण द्रव्यहिंसा ताटात शोधतो. ताटापर्यंत येण्याआधी काय घडलं, ते डोळ्यांना दिसत नाही.

पण गोष्ट इथे संपत नाही, आणि हा भाग आपल्यासारख्यांसाठीच आहे. १७९१ साली इंग्लंडमध्ये घरोघरी एक चळवळ पसरली, गुलामांच्या कष्टाची साखर खायची नाही. थॉमस क्लार्कसनच्या अंदाजाप्रमाणे सुमारे ३ लाख लोकांनी ती साखर सोडली. बायकांना मताचा हक्क नव्हता, पार्लमेंटमध्ये जागा नव्हती. पण घरात काय शिजेल हे त्यांच्या हातात होतं. १८२४ साली लेस्टर गावच्या एलिझाबेथ हेरिक यांनी, "हळूहळू नको, गुलामगिरी ताबडतोब बंद करा," असं ठणकावणारी पुस्तिका लिहिली आणि आपल्या गावात दारोदार फिरून वेस्ट इंडीजच्या साखरेवर बहिष्कार घालायला लावला. १८३१ साली त्या वारल्या. १८३३ साली ब्रिटिश साम्राज्यातल्या बहुतेक भागांत गुलामगिरी बंद करण्याचा कायदा झाला.

आपल्याकडे याला त्याग म्हणतात. एक वस्तू सोडायची, आणि ती का सोडली ते लक्षात ठेवायचं. चातुर्मासात आपण हिरवी भाजी सोडतो, कुणी रस-त्याग करतं. त्या बायकांना जैन धर्माचं नावही माहीत नसेल, पण त्यांनी जे केलं ते आपल्याला नवीन नाही. आणि योगायोग पाहा, त्याच लेस्टरमध्ये आज आपलं जैन मंदिर आहे. एका जुन्या चर्चच्या इमारतीत ते उभं राहिलं आणि १९८८ साली तिथे प्रतिष्ठा झाली.

राहिली चरबी

मांस गेलं तरी चरबी राहिली. मिन्स पायाच्या सारणात गाई-बैलाच्या मूत्रपिंडाभोवतीची कडक चरबी किसून घालत, तिला इंग्रजीत सूएट म्हणतात. सारण त्याने तुकतुकीत राहतं आणि टिकतं. १८९३ साली आपले वीरचंद राघवजी गांधी शिकागोच्या सर्वधर्म परिषदेत जैन धर्मावर बोलत होते. त्याच वर्षी मँचेस्टरला गॅब्रिएल ह्यूगन हा माणूस किसलेली तयार चरबी पुड्यात भरून विकू लागला होता. त्याचा तो ब्रँड, अटोरा, आजही बाजारात आहे. फरक एवढाच की त्याचा एक वनस्पती तेलाचा प्रकारही आता मिळतो. म्हणून परदेशात मिन्स पायाचा खोका हातात घेतला तर "मांस नाही" यावर थांबायचं नाही. चरबी कुठली, अंडं आहे का, दारू आहे का, हे तिन्ही वाचायचं.

मोहनदास गांधींची गोष्ट तुम्हाला माहीत असेल. १८८८ साली विलायतेला जाण्याआधी बेचरजी स्वामी या जैन साधूंसमोर त्यांनी मांस, मदिरा आणि परस्त्रीपासून दूर राहण्याची प्रतिज्ञा घेतली. लंडनमध्ये त्यांच्यापुढे प्रश्न आला, मांस म्हणजे नेमकं काय? कुणी म्हणे फक्त पशुपक्ष्यांचं मांस, कुणी म्हणे मासेही, कुणी म्हणे अंडीसुद्धा. शेवटी त्यांनी आत्मकथेत लिहिल्याप्रमाणे असं ठरवलं, की प्रतिज्ञेचा अर्थ तो, जो प्रतिज्ञा देणाऱ्याच्या मनात होता. आईच्या लेखी अंडं मांसातच येत होतं. मग त्यांनी अंडी घातलेले केक आणि पुडिंगही सोडले. खानावळीत प्रत्येक पदार्थात काय आहे ते विचारत बसणं त्यांना अवघड जाई, पण ते विचारत.

आपल्या घरांनाही चरबीचा धसका बसलेला आहे. १९८३ साली वनस्पती तुपात परदेशातून आणलेली गाईची चरबी मिसळल्याचं उघड झालं आणि देशभर खळबळ माजली. माझ्या सासूबाईंनी तेव्हा नियम घेतला, वनस्पती तूप आणि बेकरीचं काहीही नाही. तो त्यांनी आजवर पाळला. पॅकेटवरचा हिरवा ठिपका पुढे २००१-०२ च्या सुमारास आला, तेव्हा नव्या पिढीला हायसं वाटलं. सासूबाईंना त्याने फरक पडला नाही. त्या म्हणतात, "ठिपका छापणारा दुसरा, खाणारी मी."

पिठाचा कोंबडा

माझ्या मुलीने मिन्स पाय करूया म्हटलं तेव्हा मी चरबीच्या जागी घरचं तूप धरलं, दारू काढली, अंडं तर मुळातच लागत नाही. मला वाटलं प्रश्न सुटला. सासूबाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि एकच विचारलं, "अगं, पण यशोधर राजाने तरी खरा कोंबडा कुठे कापला होता?"

ही कथा आपल्यातल्या बहुतेकींनी शास्त्रसभेत ऐकली आहे. ज्यांनी नाही ऐकली त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. उज्जयिनीचा यशोधर राजा. त्याला अशुभ स्वप्न पडतं. आई चंद्रमती म्हणते, देवीला पशूंचा बळी दे. राजा नाही म्हणतो. आई अडून बसते. शेवटी मधला मार्ग निघतो, पिठाचा कोंबडा करायचा आणि तो कापायचा. जीव जाणार नाही आणि आईचंही मन राहील. पण कापताना भाव कापण्याचाच होता. त्या एका भावामुळे माय-लेकांना मोर, कुत्रा, साप, मासा, बोकड असे कितीतरी जन्म घ्यावे लागले आणि जन्मोजन्मी हाल सोसावे लागले. शेवटी कोंबड्यांच्या जन्मात मुनींचा उपदेश कानी पडला, तेव्हा त्यांची सुटका झाली. सोमदेवसूरींनी ९५९ साली 'यशस्तिलक चंपू'त ही कथा लिहिली. त्याच शतकात पुष्पदंतांनी अपभ्रंशात 'जसहरचरिउ' रचलं. पुष्पदंत राष्ट्रकूटांच्या मान्यखेटात राहत होते, आणि तेव्हा आपला हा सगळा मुलूख राष्ट्रकूटांच्याच राज्यात होता. जन्नाने १२०९ साली ती कन्नडात आणली. म्हणजे हजार वर्षांहून जास्त काळ ही कथा आपल्याला सांगते आहे, की रक्त सांडलं नाही म्हणून हिंसा झाली नाही असं समजू नका.

सासूबाईंचा प्रश्न मी दोन दिवस मनात घोळवला. मिन्स पाय हा पिठाचा कोंबडा आहे का?

मला वाटतं, नाही, आणि त्याचं कारण इतिहासातच आहे. यशोधराने जीव नसलेल्या वस्तूत जीव कल्पिला आणि मग ती मारली. वस्तू निर्जीव होती, भाव मारण्याचा होता. आज बाजारात मांसासारखं दिसणारं, मांसासारखं लागणारं सोयाबीनचं काही मिळतं. ते खाताना जीभ मांसाचीच चव शोधते. तिथे यशोधराची गोष्ट आठवायलाच हवी. मिन्स पायात मात्र उलट घडलं. मनुका, खजूर, लवंग, संत्र्याची साल हे त्यात पहिल्यापासून होतं. मांस होतं ते निघून गेलं, आणि खाणाऱ्याला त्याची आठवणही राहिली नाही. आजच्या मिन्स पायात कुणी मांसाची चव शोधत नाही. भाव कुठेच नाही, फक्त शब्द उरला आहे.

पण शब्दही काही कमी नसतो. मुलं शब्दातूनच शिकतात. "खिम्याचा पाय" असं आपल्या घरात हसत-हसत जरी म्हटलं, तरी खिमा हा शब्द ताटात आला. हे मी सासूबाईंना सांगितलं तेव्हा त्या म्हणाल्या, "मग नाव बदला. पाय काय, खिमा काय! वाटीत करता ना? मेवावाटी म्हणा." आमच्या घरी आता ती मेवावाटीच आहे. आणि सासूबाईंचा नियम बेकरीचा आणि वनस्पतीचा होता, घरच्या तुपाचा नव्हता. नियमाचा अर्थ नियम घेणाऱ्याला विचारायचा, गांधीजींनी केलं तसं. त्यांनीच सांगितलं, चालेल.

मेवावाटी: कृती

बारा छोट्या वाट्या होतील.

सारणासाठी: काळ्या मनुका १०० ग्रॅम, बेदाणे ५० ग्रॅम, बी काढलेला खजूर ४-५, एक मोठं सफरचंद, किसलेला गूळ पाऊण वाटी, एका मोसंबीचा रस आणि तिच्या सालीच्या बारीक काड्या, तूप १ मोठा चमचा, दालचिनी पूड अर्धा चमचा, लवंग पूड आणि जायफळ चिमूट-चिमूट, सुंठ पाव चमचा, चवीला मीठ.

पारीसाठी: मैदा किंवा बारीक चाळलेलं गव्हाचं पीठ २५० ग्रॅम, घट्ट गार तूप ११० ग्रॅम, पिठीसाखर २ चमचे, चिमूटभर मीठ, लागेल तसं गार दूध.

आधी सोधून घ्या. मनुका एकेक उघडून पाहा, खजूर चिरून पाहा, पीठ चाळा. ओलं आलं कंदमूळ म्हणून घालायचं नाही, वाळलेली सुंठ ज्यांच्या घरी चालते त्यांनी घालावी.

साल फक्त वरची पिवळी घ्या, पांढरा भाग कडू असतो. दोनदा पाणी बदलून उकळा, कडवटपणा जातो. जालन्याच्या मोसंबीला भौगोलिक मानांकन मिळालं आहे. आपल्या जिल्ह्याची खूण या परक्या पदार्थात हवीच. आणि द्राक्षासाठी नाव झालेली आपली कडवंची आहेच.

कढईत तूप, किसलेलं सफरचंद, गूळ, रस, साल आणि मेवा घालून मंद आचेवर १५ मिनिटं परता. चकचकीत आणि दाट झालं की मसाला घालून उतरवा, पूर्ण गार करा. इंग्रज हे सारण दारूत भिजवून महिनोन्महिने मुरवत. आपल्याकडे आठ प्रहरांपलीकडे ठेवलेला मुरब्बा-लोणचं हे संधान, म्हणून अभक्ष्य. त्यामुळे सारण ताजंच करायचं. चवीत उणं काहीच पडत नाही, सफरचंदाचा स्वाद उलट जास्त लागतो.

करंजीला आपण कडकडीत मोहन घालतो. इथे उलटं आहे. तूप गार आणि घट्ट हवं, थंडीत ते आपोआप तसं मिळतं. बोटांच्या टोकांनी पिठात चोळा, रव्यासारखं झालं की साखर, मीठ आणि ३-४ चमचे गार दूध घालून गोळा जमवा. मळू नका, मळलं की पारी चिवट होते. झाकून २० मिनिटं ठेवा.

पोळीपेक्षा थोडं जाड लाटा. वाटीने गोल कापून तूप लावलेल्या छोट्या स्टीलच्या वाट्यांमध्ये बसवा. प्रत्येकीत दीड चमचा सारण भरा, काठोकाठ भरू नका, नाहीतर गूळ उतू जातो. वर चांदणी, पान, काय आवडेल ते ठेवा. १८० अंशांवर २० ते २५ मिनिटं, कडा गुलाबी होईपर्यंत भाजा. ओव्हन नसेल तर जाड कढईत मीठ तापवून, त्यावर जाळी ठेवून, झाकण घालून मंद आचेवर ३५ ते ४० मिनिटं. वाटीतून काढायची घाई करू नका, गार झाल्यावर सुटते.

दुपारीच करायला घ्या, म्हणजे सूर्यास्ताच्या आत सगळ्यांचं खाऊन होईल. उरलं तर आपापल्या आम्नायाच्या मर्यादेप्रमाणे ठेवा. आमच्याकडे उरत नाही. अष्टमी-चतुर्दशीला हिरवं-ताजं फळ न खाणाऱ्यांनी तो दिवस टाळावा. श्वेतांबर मूर्तिपूजक मैत्रिणींच्या अनेक घरांत फाल्गुनातल्या चौमासीपासून कार्तिक पौर्णिमेपर्यंत सुका मेवा बंद असतो. म्हणजे मेव्याचे दिवस हेच, थंडीचे.

जाता जाता

चारशे वर्षांत या लहानशा पदार्थातून मेंढी गेली, बैल गेला, मग कुणीतरी दारोदार फिरून गुलामाच्या कष्टाची साखरही नको म्हटलं. यातलं काही चवीपायी झालं, काही विवेकाने. पण प्रत्येक वेळी कुठल्यातरी स्वयंपाकघरात एका बाईने "हे नको" म्हटलं, आणि त्याशिवायही पदार्थ चांगला होतो हे करून दाखवलं. आपल्या आज्या-पणज्यांनी कांदा-लसणाशिवायचा चवदार स्वयंपाक असाच उभा केला.

म्हणून परका पदार्थ समोर आला की नाक मुरडायचं नाही आणि डोळे मिटून उचलायचंही नाही. आत काय आहे ते विचारा. ते कुठून आलं ते विचारा. करताना आपला भाव काय आहे, हेही स्वतःला विचारा. एवढं करून जे उरेल ते आनंदाने शिजवा, आणि शेजारच्या ख्रिस्ती घरी डबा पाठवायला विसरू नका. त्यांच्या करंज्या आपण खाल्ल्याच आहेत.

जय जिनेंद्र.